मुकुटातला मुका पाचू

डोंगरांच्या पलीकडे, जिथे ढगच जमिनीवर राहायला आले होते, तिथे सांजगड नावाचं एक राज्य होतं. त्या राज्यात आठ वर्षांची सगुणा राहत होती, आणि गेले अकरा दिवस गावातलं कुणी तिच्याशी एक शब्दही बोललं नव्हतं.

तिचे वडील भानजी राजाच्या जामदारखान्याचे राखणदार होते. जामदारखाना म्हणजे राजघराण्याचे दागिने ठेवायची काळ्या दगडांची कोठी. रोज सकाळी भानजी तिची तीन कुलपं उघडत, मऊ मलमलीच्या फडक्याने एकेक हार, एकेक शिरपेच पुसत आणि मोत्यांना थोडा वेळ वाऱ्यावर ठेवत. "मोत्यांनाही श्वास लागतो गं," असं ते सगुणाला सांगत. सगळ्यांत शेवटी पाळी यायची मुकुटाची. झळझळीत सोनं, त्यात लालचुटूक माणकं, पिवळेधमक पुष्कराज आणि अगदी मधोमध कोवळ्या पानासारखा हिरवागार पाचू.

पण अकरा दिवसांपूर्वी एका सकाळी भानजींनी मुकुटावरचं कापड बाजूला केलं, तर पाचू काळवंडलेला. विझलेल्या निखाऱ्यासारखा! भानजी स्वतःच धावत राजा शार्दूलसेनाकडे गेले. राजाने जवाहिऱ्याला बोलावलं. जवाहिऱ्याने पाचू उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. "महाराज, खरा पाचू असा विझत नाही. ही काच असावी."

झालं! भानजींनीच खरा पाचू लपवला आणि जागी काच बसवली, असं ठरलं. त्यांना बुरुजातल्या कोठडीत टाकलं. बाराव्या दिवशी दरबार भरणार होता. तोवर पाचू मिळाला नाही, तर भानजींना समुद्रातल्या ओसाड बेटावर पाठवायचं होतं, जन्मभरासाठी.

सगुणाला आई नव्हती. शेजारणींनी दारं लावून घेतली, मैत्रिणी तिला पाहून वाट बदलू लागल्या. ती रोज बुरुजाच्या झरोक्याखाली उभी राहायची. आतून खोकल्याचा आवाज यायचा.

"आबा, थंडी वाजते?"

"नाही गं पोरी," भानजी म्हणायचे, आणि त्यांचे दात वाजलेले तिला बाहेर ऐकू यायचे.

अकराव्या दिवशी दुपारी ती तिथून निघाली आणि जामदारखान्यामागच्या बागेत जाऊन बसली. बाग कसली, नुसते काटेच. कारंजं कोरडं पडलेलं, गुलाबाचं रान माजलेलं, सगळीकडे करडं धुकं. तेवढ्यात तिला बारीकसं हुंदक्यासारखं काही ऐकू आलं. गुलाबाच्या जाळीत काहीतरी लुकलुकत होतं. तिने वाकून पाहिलं. बोटाएवढी इवलीशी परी होती ती! तिचे चंदेरी पंख काट्यांत अडकून चिरले होते.

"हलू नकोस हं," सगुणा म्हणाली. तिने जाळीत हात घातला. काटे बोटांत रुतले, रक्ताचे टपोरे थेंब आले, पण तिने हात मागे घेतला नाही. एकेक काटा बाजूला करत तिने परीला अलगद तळहातावर घेतलं आणि आपल्या फुंकरीने तिचे धुक्याने भिजलेले पंख सुकवले.

परीने डोळे उघडले. दोन दवबिंदू चमकावेत तसे ते चमकले. "बाळ, तुझी बोटं किती फाटली गं! माग काय हवं ते. या तीन पाकळ्या घे. पाकळी तळहातावर ठेवायची, इच्छा बोलायची आणि फुंकर मारायची."

"माझ्या आबांना सोडव, परीताई!"

परीचा चेहरा उतरला. "इच्छेने कुलूप उघडत नाही, बाळ. आणि कुणाचं मनही वळवता येत नाही. अजून एक आहे, तेही ऐकून ठेव. प्रत्येक इच्छेमागे तुझ्या डोळ्यांतला एक रंग कायमचा जाईल."

सगुणाने बुरुजाकडे पाहिलं. मग तिने पहिली पाकळी हातावर घेतली. "आबांच्या कोठडीत ऊब येऊ दे."

फूऽऽ! पाकळी उडाली. वर बुरुजात खोकला थांबला. आणि समोरच्या जास्वंदीचं लालभडक फूल तिच्या डोळ्यांदेखत राखेसारखं करडं झालं. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. रक्तही करडंच होतं.

तिला रडू आलं, पण तिने ते गिळलं. आबांनी पाचू लपवला नाही, हे तिला ठाऊक होतं. मग त्याला झालं तरी काय? तिने दुसरी पाकळी घेतली. "त्या पाचूला काय झालंय, ते मला ऐकू येऊ दे."

पाकळी उडाली तशी झेंडूची पिवळी फुलं मळकी झाली. आणि जामदारखान्याच्या गजांच्या खिडकीतून, फक्त तिलाच ऐकू येईल असा, एक थकलेला आवाज आला.

"मी काच नाही. मी नदीपलीकडच्या करंजखोऱ्याचा पाचू. तिथे बाळ जन्मलं की पहिल्या अंघोळीला मला त्याच्या मुठीत द्यायचे. पाणी हिरवं व्हायचं, बाळ हसायचं. मग या राजाचे पणजोबा सैन्य घेऊन आले. एका तान्ह्या मुलीच्या मुठीतून त्यांनी मला ओढून काढलं. मुकुटात बसून मी तिचीच वाट पाहत राहिलो. ती मोठी झाली, म्हातारी झाली. अकरा दिवसांपूर्वी ती गेली. आता मला ओळखणारं कुणी उरलं नाही. चमकायचं कुणासाठी?"

सगुणाने शेवटची पाकळी मुठीत धरली. "मी 'चमक' म्हटलं तर चमकशील?"

"चमकावंच लागेल. तुझे वडील सुटतील. मी मात्र इथेच राहीन, मुका."

पाकळी मुठीत तशीच घट्ट धरून सगुणा घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. मखमलीवर मुकुट ठेवला होता. साखळदंडांनी बांधलेल्या भानजींना आणलं. बारा दिवसांत त्यांचे केस पांढरे झाले होते. सगुणा खांबाआडून पुढे आली.

"भानजी, शेवटचं विचारतो," राजा म्हणाला. "आमचा पाचू कुठे आहे?"

"महाराज, समोर आहे तोच. आजारी आहे तो. मी बावीस वर्षं त्याला पुसलंय, मला कळतं."

दरबारात हशा पिकला. राजाने शिपायांना खूण केली. सगुणाने पाकळी तळहातावर ठेवली. 'चमक' म्हटलं की संपलं! आबा घरी येतील. तिने आबांकडे पाहिलं आणि मग त्या काळ्या खड्याकडे.

"पाचूचं म्हणणं सगळ्यांना ऐकू येऊ दे," ती म्हणाली आणि तिने फुंकर मारली.

पाचू बोलू लागला. नदी, अंघोळीचं हिरवं पाणी, ती चिमुकली मूठ, सगळं त्याने सांगितलं. हसणारे गप्प झाले. सांगता सांगता पाचू उजळत गेला, इतका की छतावर, खांबांवर, माणसांच्या चेहऱ्यांवर हिरव्या प्रकाशाच्या लाटा नाचू लागल्या. "अहाहा!" लोक म्हणाले. सगुणाला मात्र तो करडाच दिसत होता.

"खोटं!" राजा ओरडला. "हा पाचू आम्हाला भेट मिळाला होता. बखरीत लिहिलंय तसं. आणा ती बखर!"

जुनी बखर आणली. राजाने स्वतः पान उघडलं. 'भेट' हा शब्द नंतरच्या शाईने लिहिलेला होता. त्याखाली खरवडलेली अक्षरं अजून पुसटशी दिसत होती. 'तान्ह्या मुलीच्या हातून घेतला.' राजाने ते दोनदा वाचलं.

मग तो खाली उतरला आणि त्याने भानजींच्या बेड्या आपल्या हाताने काढल्या. "भानजी, चुकलो आम्ही. दागिने तुम्ही राखलेत. त्यांची हकीकत राखायची होती आम्ही, ते आम्हाला जमलं नाही." त्याने जवाहिऱ्याकडून पाचू काढून घेतला आणि सगुणाच्या ओंजळीत ठेवला. "जिथला आहे तिथे नेऊन दे."

बापलेक नदी ओलांडून करंजखोऱ्यात गेले. लोकांनी आधी दारं उघडली नाहीत. सांजगडाच्या माणसांना ती सहसा उघडत नसत. शेवटी एका बाळंतिणीने, गेलेल्या म्हातारीच्या पणतीने, पाचू ओळखला. घरात तो जसा सांगितला जायचा, अगदी तसाच होता. तिने आपल्या तीन दिवसांच्या बाळाला अंघोळीच्या पाण्यात धरलं आणि पाचू त्याच्या मुठीत ठेवला. "पाणी हिरवं झालं बघ!" भानजी कुजबुजले. सगुणा हसली आणि तिने डोळे पुसले. आपल्याला ते दिसत नाही, हे तिने आबांना अजून सांगितलं नव्हतं.

घरी परतल्यावर ती एकटीच बागेत गेली. परी कोरड्या कारंज्याच्या काठावर बसली होती.

"बाळ, 'चमक' म्हणाली असतीस तरी आबा सुटले असते. दरबारात त्याला बोलायला लावणं जोखमीचं होतं."

"हो. पण मग त्याला घरी कुणी नेलं असतं?"

परीने तिच्या चिरलेल्या बोटांवर गाल टेकला. "गेलेले रंग मला परत आणता येत नाहीत. पण नवे देता येतात. त्यासाठी मला जावं लागेल."

"कुठे?"

"उजेडात."

"नको ना, परीताई," सगुणा म्हणाली. परी हसली, तिच्या पापण्यांजवळ आली आणि लखकन उजळली. शुभ्र, मऊ, उबदार उजेड धुक्यातून बागभर पसरला, आणि विरला. परी कुठेच नव्हती.

बाग तशीच काटेरी होती, धुकंही तसंच. सगुणा डोळे चोळत बराच वेळ उभी राहिली. मग कारंज्याच्या भेगेतून वर आलेलं गवताचं एक इवलंसं पातं तिला दिसलं. ते हिरवं होतं, पण पूर्वी कधी न पाहिलेलं, नवंच हिरवं.