ट्रकभोवतीच्या फेरीची कहाणी

ऐक गे पाठच्या माई, तुझी कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा. मुली मागं बसल्या असतील तर त्यांना पुढं येऊ द्या.

आटपाट नगर होतं. नगराला वेस नव्हती, वजनकाटा होता. काट्यापलीकडं हळदीची पेठ होती. त्या पेठेत एक नियम होता. ड्रायव्हर एकदा गाडीवर चढला की त्यानं खाली उतरून मागं बघायचं नाही. बघितलं तर त्याला गाडी येत नाही असं समजायचं. हा नियम कुणी केला? मालकाच्या वडिलांनी केला. का केला? ते विचारायचं नाही. पेठेच्या फाटकाचा डावा खांब दरवर्षी फुटायचा, दरवर्षी त्याला गिलावा व्हायचा, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, हल्ली सिमेंट चांगलं येत नाही.

पेठेत तीन वडीलधारे होते. पहिले आदगोंडा अण्णा, ते सगळ्या ट्रकांचे मालक. दुसरे गुलाबराव, ते सगळ्यांत जुने ड्रायव्हर, त्यांना उस्ताद म्हणत. तिसरे बापूकाका, ते हमालांचे मुकादम. तिघं दिवसभर लिंबाखालच्या बाजल्यावर बसत, चहा पीत आणि नियम सांभाळत.

बापूकाकांची एक भावजय होती, गंगव्वा. तिचा नवरा गेला होता. पदरी एक लेक, तिचं नाव आवडा. गंगव्वा लोकांचे पापड लाटी. लाटून लाटून तिची मनगटं सुजत. संध्याकाळी आवडा त्यांना तेल चोळी. आवडा शिकली, बी.कॉम. झाली. मग जड गाडी शिकली, परीक्षा दिली, पास झाली. हेवीचं लायसन घरी आलं. गंगव्वानं ते देव्हाऱ्यात ठेवलं, त्याला कुंकू लावलं. आवडानं ते उचललं, पुसलं आणि म्हणाली, "आई, हे पूजेला नाही, कामाला आहे."

मग ती काम शोधायला निघाली.

पहिल्या दारी गेली. तिथं वीटभट्टीचा मालक होता. तो म्हणाला, "अनुभव किती?" ती म्हणाली, "अजून नाही." तो म्हणाला, "मग घेऊन ये."

दुसऱ्या दारी गेली. तिथं दुधाच्या टँकरचा मालक होता. तो म्हणाला, "आधी दुसरीकडं कुठंतरी चालव, मग ये." ती म्हणाली, "दुसरीकडं कुठं?" तो म्हणाला, "जिथं अनुभव लागत नाही तिथं." ती म्हणाली, "असं ठिकाण दाखवा." त्यानं पंखा वाढवला आणि पेपर तोंडापुढं धरला.

तिसऱ्या दारी गेली. ते दार म्हणजे लिंबाखालचं बाजलं. अण्णा म्हणाले, "पोरी, अनुभव कशानं येतो?"

"गाडी चालवून."

"आणि गाडी कुणाच्या हातात द्यायची?"

"अनुभव असेल त्याच्या, असं तुम्ही म्हणता."

"शहाणी आहेस. कळलं ना? मग जा घरी."

आवडा गेली नाही. तिनं उस्तादांना विचारलं, "तुम्हाला पहिली गाडी मिळाली तेव्हा तुम्हाला किती अनुभव होता?"

उस्ताद म्हणाले, "मी क्लीनर होतो. माझ्या उस्तादाचे पाय चेपले, गाड्या धुतल्या, तेव्हा कुठं चाक हातात आलं."

"मग मलाही क्लीनर ठेवा."

"बाईमाणूस क्लीनर? लोक काय म्हणतील?"

पाहिलंत ना बायांनो? दार बंद, आणि किल्ली दाराच्या आत.

संध्याकाळी बापूकाका घरी आले. म्हणाले, "वहिनी, हिच्यामुळं पेठेत माझी मान खाली गेली. अक्षय्य तृतीयेपर्यंत हिला काम मिळालं तर ठीक. नाहीतर ते लायसन माझ्याकडं द्या. हिला उजवून टाकू. मी स्थळ बघून ठेवलंय."

आवडा म्हणाली, "त्याला गाडी येते का?"

"त्याची स्वतःची मोटारसायकल आहे."

"मी ट्रकचं विचारलं."

"वहिनी, हिला आवरा," काका म्हणाले आणि गेले. गंगव्वा पापड लाटत होती. तिचं लाटणं थांबलं, मग परत सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी काय झालं? वजनकाट्यापाशी एक म्हातारी उभी होती. अंगावर रस्त्याची धूळ, केसांत धूळ, पापण्यांवर धूळ. तिचं गाठोडं एका उभ्या ट्रकच्या मागच्या चाकाआड अडकलं होतं. अण्णा जीपमधून आले. म्हातारी म्हणाली, "बाबा, जरा मागं वाकून बघशील?" अण्णा म्हणाले, "आजी, आम्ही पुढं बघून चालतो." ते गेले. उस्ताद आले. म्हातारी म्हणाली, "बाबा, जरा मागं वाकून बघशील?" उस्ताद म्हणाले, "मान वळत नाही आता." ते गेले. बापूकाका आले. म्हातारीनं तेच विचारलं. काका म्हणाले, "हमालाला सांगतो," आणि विसरले.

मग आवडा आली. म्हातारीनं विचारायच्या आधीच ती गुडघ्यांवर बसली, ट्रकखाली वाकली आणि गाठोडं ओढून काढलं. ओढणी ग्रीसनं भरली.

म्हातारी म्हणाली, "तुझं तोंड का उतरलं?" आवडानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मी सांगते तो वसा घेशील?"

आवडा म्हणाली, "आजी, उपासतापास मला जमत नाहीत. आणि का करायचं ते कळल्याशिवाय मी काही करत नाही."

म्हातारी हसली. "बरं झालं, कुणीतरी विचारलं. मला सांग, ट्रकात देव कुठं बसवतात?"

"पुढं, काचेपाशी."

"आणि मागं कोण असतं?"

"कुणी नाही."

"मागं मी असते. मी पाठची माय. पुढच्या देवांना हार आहेत, उदबत्त्या आहेत. माझ्याकडं कुणी बघत नाही. आणि कुणी सापडतं ते मागच्याच चाकाखाली."

आवडानं हात जोडले. म्हणाली, "माय, तुझा वसा कसा घ्यावा, काय करावं?"

"चाकाला हात लावायच्या आधी गाडीला एक फेरी घालावी. टायर बघावेत, दोर बघावेत, मागं वाकून बघावं. गाडी मागं घ्यायची असेल, तर मोकळं आहे असं दहाजण म्हणाले तरी आपण बघावं. कुणी हसलं तर हसू द्यावं. कुणी घाई केली तर करू द्यावी. उतू नये, मातू नये."

"हे तर आमच्या पुस्तकात आहे."

"असेल. मला वाचता येत नाही."

"बरं. आणि ह्याचं उद्यापन कधी करायचं?"

म्हातारी म्हणाली, "ह्याला उद्यापन नाही." गाठोडं काखेत मारून ती काट्यामागं गेली आणि दिसेनाशी झाली.

मग वैशाख आला. हळदीचा हंगाम भरात आला. अक्षय्य तृतीया उद्यावर आली, आणि दहा नंबरच्या ट्रकच्या ड्रायव्हरला गालगुंड झालं. बाकी सगळे ड्रायव्हर लांबच्या फेऱ्यांना गेलेले. पोती भरून तयार, व्यापारी दारात. अण्णांचा नाइलाज झाला. त्यांनी आवडाला बोलावणं पाठवलं. म्हणाले, "आजचा दिवस चालव. संध्याकाळपर्यंत जमलं तर गाडी तुझी. पण पेठेचा नियम ठाऊक आहे ना?"

आवडा म्हणाली, "ठाऊक आहे." पाळीन असं ती म्हणाली नाही. अण्णांना फरक कळला नाही.

सकाळी पहिली खेप होती. आवडानं गाडीला फेरी घातली. उस्ताद म्हणाले, "वडाला फेऱ्या चालल्यात. सात जन्म हाच ट्रक मिळू दे म्हणून." बाजलं हसून हललं. आवडाला एक दोर सैल दिसला. तिनं तो आवळला आणि गेली.

मग दुसरी खेप आली. तिनं परत फेरी घातली. बापूकाका म्हणाले, "आवडे, मंगळागौर आहे का? फुगड्याही घाल." ह्या खेपेला काहीच सापडलं नाही. टायर ठीक, दोर ठीक, मागं कुणी नाही. सगळे जास्तच हसले. आवडाचे कान लाल झाले. पण वसा म्हणजे रोज काहीतरी सापडतं असं नाही. ती गाडीवर चढली आणि गेली.

मग दुपार झाली. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. दहा नंबर तिसऱ्या खेपेला गोदामापुढं उभी होती. तिला मागं घेऊन पोती चढवायच्या धक्क्याला लावायची होती. आवडा भाकरी खाऊन, हात धुऊन आली. व्यापारी घड्याळ बघत होता. अण्णा म्हणाले, "आता फेरी नाही. चढ आणि मागं घे. उस्ताद बघतायत."

उस्ताद बाजल्यावर आडवे होते. त्यांनी डोळ्यांवरचा टॉवेलही काढला नाही. म्हणाले, "मोकळं आहे. येऊ दे."

अण्णा म्हणाले, "मोकळं आहे. येऊ दे."

व्यापारी म्हणाला, "अहो बाई, मोकळं आहे. येऊ द्या की."

आवडाचा एक पाय पायरीवर होता. तिनं तो खाली घेतला.

अण्णा उठले. म्हणाले, "मागं बघायला गेलीस तर चावी ठेवून जा. काम संपलं."

आवडाला आईची मनगटं दिसली. मोटारसायकलवाला दिसला. उद्या अक्षय्य तृतीया आहे हे आठवलं. मग तिनं काय केलं? चावी अण्णांच्या तळहातावर ठेवली आणि फेरी घालायला निघाली. पुढून गेली, तिथं काही नाही. डाव्या अंगानं गेली, तिथं काही नाही. मागं गेली आणि वाकली.

मागच्या चाकाला लागून, सावलीत, रिकाम्या पोत्यांवर बापूकाका झोपले होते. ताक पिऊन आले होते, गारवा बघून आडवे झाले होते. अंगभर हळद उडालेली, जसा हळदीला बसवलेला नवरदेव. तोंड उघडं होतं. डोकं चाकापासून वीतभर.

आवडा गुडघ्यांवर बसली. हात लांब करून तिनं काकांचा पाय ओढला. काका म्हणाले, "कोण आहे? चहा आला का?"

मग त्यांनी मान वळवली. चाक बघितलं. चाकाच्या खाचांत अडकलेले खडे बघितले. उठून बसले आणि आवडाचा हात असा धरला की बांगडी पिचली. अण्णांच्या हातातली चावी खाली पडली. उस्तादांनी डोळ्यांवरचा टॉवेल काढून तोंडाला लावला, आणि टॉवेलाआडून रडले. व्यापाऱ्यानं घड्याळ खिशात घातलं. धक्क्यावरच्या धुळीत कुणीतरी बसून उठल्याची खूण होती, बाजूला गाठोडं टेकल्याची खूण होती. ती एकट्या आवडानंच बघितली.

मग गूळ आला, पाणी आलं. काका तीन तांबे पाणी प्याले. अण्णांनी स्वतः वाकून चावी उचलली, आवडाच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "संध्याकाळ व्हायची वाट कशाला बघायची? गाडी तुझी." आवडानं फेरी पुरी केली, चढली आणि गाडी अलगद धक्क्याला लावली. सगळ्यांनी श्वास सोडला. आवडानं सगळ्यांत शेवटी सोडला.

अक्षय्य तृतीयेला काकांनी मोटारसायकलवाल्याला निरोप धाडला, की आमच्या मुलीला वेळ नाही. गंगव्वानं पोळपाट धुऊन भिंतीला उभा केला. मनगटांची सूज उतरली. आता ती घरापुरते पापड लाटते, आणि तेही वाकडे आले तरी चालतात.

मग दिवस गेले. दहा नंबर कोकणात गेली, सोलापूरला गेली, हुबळीला जाऊन आली. आवडाचं बघून बाकीचे ड्रायव्हर हळूच उतरून मागं बघायला लागले. फाटकाचा खांब त्या वर्षी फुटला नाही. सिमेंट तेच होतं.

दसरा आला. ट्रकांना झेंडूच्या माळा चढल्या. तिघं वडीलधारे बाजल्यावर बसले आणि त्यांनी आवडाला बोलावलं. अण्णांच्या हातात नारळ होता. म्हणाले, "पोरी, आता तू अनुभवी झालीस. आता फेरी नवशिक्यांनी घालावी. तुझं बघून सगळे खाली उतरतात, खेपेला उशीर होतो. हा नारळ घे, तुझ्या वशाचं उद्यापन कर." उस्ताद म्हणाले, "अनुभव आला की अंदाज येतो." बापूकाका म्हणाले, "मोठ्यांचं ऐकावं, बाळ."

आवडानं नारळ घेतला नाही. म्हणाली, "नाही अण्णा. ह्याला उद्यापन नाही. अनुभव नव्हता तेव्हा तुम्ही गाडी देत नव्हता, आता अनुभव आला म्हणून डोळे मिटायला सांगता. हवं तर चावी आजच परत घ्या. पण बघितल्याशिवाय मी गाडी मागं घेणार नाही. त्या दुपारी मोकळं आहे असं कोण म्हणालं होतं? सगळ्यांत जास्त अनुभव होता तेच म्हणाले होते."

अण्णांनी उस्तादांकडं बघितलं. उस्तादांनी काकांकडं बघितलं. काकांनी उगाच धोतर झटकलं. हळद केव्हाच धुऊन गेली होती. नारळ अण्णांच्या हातातच राहिला. आवडा उठली आणि झेंडूच्या माळा घातलेल्या ट्रकला फेरी घालायला गेली.

जशी पाठची माय आवडाला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांना पहिलं दार उघडत नाही त्यांना ते उघडो, आणि जे आडोशाला झोपलेत ते सुखरूप उठोत. साठां नकारांची कहाणी, एका फेरीनं सुफळ संपूर्ण.