अजून मर्जी नाही

शोणपुरावर भद्रसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वांनी त्याच नगरात अमात्यकुळात जन्म घेतला होता. सुनेत्र हे त्यांचे नाव. राजाचा त्यांच्यावर फार लोभ होता. ही कथा मात्र अमात्यांच्या वाड्यात सुरू होत नाही. ती सुरू होते राज्याच्या शीवेवर, कुंदक नावाच्या माळ्याच्या गळक्या झोपडीत.

शोणपुरात हद्दपारीच्या दोन तऱ्हा होत्या. पहिली आजन्म. तीत माणसाच्या उंबऱ्यावर मडके फोडत, नातलग त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे होत आणि तो शीवेवर जाई तो कायमचा. दुसरी राजाच्या मर्जीपर्यंतची. तीत मडके फुटत नसे. दर पौर्णिमेला त्या माणसाने शीवेच्या दगडाशी येऊन बसायचे. दुपारपर्यंत नगरातून दूत यायचा. क्षमा झाली असेल तर दूत त्याच्या गळ्यात पांढऱ्या फुलांची माळ घालायचा आणि त्याला घेऊन जायचा. नसेल तर 'अजून मर्जी नाही' एवढेच सांगून घोडा वळवायचा. या दुसऱ्या शिक्षेला लोक सौम्य म्हणत. अर्थात, ज्यांना ती झाली नव्हती तेच म्हणत.

कुंदकाला ती झाली होती. तो राजाचा खास माळी. वसंतोत्सवात त्याने गुंफलेला हार राजाने पाहुण्या राजांच्या देखत गळ्यात घातला आणि हारातल्या गांधीलमाशीने राजाच्या मानेला कडकडून डंख मारला. राजा किंचाळला आणि उडाला. सारी सभा हसली. अपराध म्हणावा तर एवढाच. त्यामुळे आज ना उद्या बोलावणे येणार याबद्दल कुंदकाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि त्याचे सगळे दुःख तिथूनच सुरू झाले होते.

शीवेवरच्या लोकांची एक समजूत होती. मर्जीपर्यंतचा माणूस तिथे रमलेला दिसला तर हेर राजाच्या कानावर घालतात, आणि मग राजा म्हणतो, राहू दे तिकडेच. म्हणून अशी माणसे जाणूनबुजून हाल काढीत. कुंदकाने छपरावर नवे गवत टाकले नाही. विहीर खणली नाही; त्याची बायको भद्रवती लांबच्या ओढ्यावरून पाणी वाही. चूल तीन दगडांची, तीही उघड्यावर. आणि ज्या माणसाच्या हाताला फुलांवाचून करमत नसे, त्याने अंगणात एक रोप लावले नाही. नगरात घालायचे धुतलेले कपडे गाठोड्यात बांधून दाराशी ठेवलेले असत.

पौर्णिमा जवळ आली की त्याचा जीव टांगणीला लागे. जेवण तोंडात फिरे. नगराकडून येणाऱ्या वाटसरूंना तो खोदून खोदून विचारी, राजा कसा आहे, खूश आहे का, माझे नाव निघाले होते का. कुणी सहज 'बघू या' म्हटले तरी त्याचा अर्थ लावीत तो दिवसभर अंगणात येरझाऱ्या घाली. पौर्णिमा झाली की अंथरूण धरी. चार दिवसांनी उठे आणि पुढच्या पौर्णिमेची वाट पाहू लागे. भद्रवतीने रडून पाहिले, रागावून पाहिले, मग गप्प बसायला शिकली.

शेजारी तिंबरू नावाचा कुंभार राहत असे. त्याची हद्दपारी आजन्म. आला त्या वर्षी तो वेड्यासारखा झाला होता म्हणतात. पण कुंदकाने पाहिला तो तिंबरू चाक फिरवताना गुणगुणणारा, घरामागे केळी लावलेला, सुनेच्या हातच्या भाकरीला नावे ठेवीत तीनतीन भाकऱ्या चापणारा होता. कुंदकाला त्याची कीव येई. बिचाऱ्याचे परतीचे दोर कापलेत, असे तो बायकोला सांगे. भद्रवती तिंबरूच्या शाकारलेल्या छपराकडे पाही.

या तिंबरूने आपल्या धाकट्या मुलासाठी, पूर्णकासाठी, कुंदकाच्या मुलीला मागणी घातली. उत्पला तिचे नाव. मुलगी लग्नाची होऊन बरेच दिवस झाले होते आणि पूर्णक तिला आवडत होता. मडक्यांवर नक्षी काढायला ती त्यांच्याकडे जाई, तेव्हाच ते सर्वांना दिसले होते. पण आजन्म हद्दपाराच्या घरात दिलेल्या मुलीला पुन्हा नगराची वेस ओलांडता येत नसे. कुंदकाने मागणी टाळली. आधी पावसाळा जाऊ दे म्हणाला, मग सुगी होऊ दे म्हणाला. शेवटी एका पौर्णिमेच्या सकाळी तिंबरूने स्वच्छ सांगितले, ओढ्यापलीकडच्या गावातून पूर्णकाला दुसरे स्थळ आले आहे, पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबतो, नंतर मला थांबता येणार नाही.

कुंदक पेचात पडला. हो म्हणावे आणि दुसऱ्याच महिन्यात माळ आली तर मुलीला कायमची इथे टाकून जावे लागणार. नाही म्हणावे आणि माळ आलीच नाही तर? दुपारी दूत आला तेव्हा त्याने कळवळून त्याला विनवले, अमात्यांना एवढे विचारा, यंदा काही आशा आहे का, माझ्या मुलीचे अडले आहे.

दूताने तो निरोप सुनेत्रांना दिला. सुनेत्रांनी राजाजवळ कुंदकाचा विषय याआधीही काढला होता, दर वेळी राजाने हसून तो उडवला होता. या वेळी त्यांनी नेटाने विचारले. राजाचा चेहरा बदलला.

"तो परत आला की लोकांना माझे उडणे आठवेल," राजा म्हणाला. "तो कधीच यायचा नाही. पण हे त्याला कळवू नकोस. मी केव्हाही क्षमा करीन असे वाटते म्हणून लोक मला दयाळू म्हणतात. आणि आशेवर ठेवलेला माणूस तक्रार करीत नाही."

अमात्य घरी आले. 'अजून' हा शब्द दर महिन्याला आपल्याच शिक्क्याने शीवेवर जातो, हे त्यांना त्या दिवशी फार लागले. खरे सांगावे तर राजाची मर्जी जाणार, अधिकार जाणार, वाडा जाणार. आणि सांगून त्या माळ्याचे भले होईल की तो ओढ्यात जीव देईल, हेही ठाऊक नव्हते. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती. पौर्णिमेला त्यांनी दूताला थांबवले आणि स्वतः निघाले.

त्या सकाळी कुंदक उजाडायच्या आत दगडाशी येऊन बसला होता. भद्रवती आणि उत्पला थोड्या मागे उभ्या होत्या. तिंबरू आपल्या दारात चाक न फिरवता बसला होता. रस्त्यावर धूळ दिसली. कुंदक डोळे ताणून पाहू लागला. घोडा नव्हता, रथ होता. रथावर अमात्यांचे निशाण होते. साध्या नकारासाठी अमात्य येत नसतात, हे पोरासोरांनाही कळते. कुंदक उठून उभा राहिला. त्याने बायकोला गाठोडे आण म्हणून खूण केली. ती धावली, अर्ध्या वाटेत थांबली आणि पदर तोंडाला लावून तिथेच बसली.

सुनेत्र खाली उतरले. त्यांचे हात रिकामे होते. कुंदकाची नजर त्या हातांवरून रथाकडे गेली, रथावरून पुन्हा हातांकडे आली.

"माळ मागून येते आहे का, महाराज?" त्याने विचारले.

"नाही, कुंदका. माळ येणार नाही."

"या पौर्णिमेला नाही."

"कोणत्याच पौर्णिमेला नाही. राजा तुला कधीही क्षमा करणार नाही. मी त्याच्या तोंडून ऐकले आहे. तू परत यायचा नाहीस. इथे येऊन बसू नकोस."

कुंदक आधी हसला. मग त्याने मूठभर माती उचलून अमात्यांच्या अंगावर फेकली. "मग इतकी वर्षे 'अजून' का म्हणत होता?" तो ओरडला. "माझी मेली असती आशा एकदाच. रोज का मारलीत?"

सुनेत्रांनी अंगावरची माती झटकली नाही. "बोलायला सोपे पडत होते म्हणून," ते म्हणाले. "ते पाप माझे आहे. तुझ्या मुलीचे अडले आहे म्हणालास, म्हणून आज सांगायला आलो." आणि कुंदक मनाला येईल तशा शिव्या देत होता तोवर ते उभे राहिले.

घरी येऊन कुंदक झोपला तो दुसऱ्या दिवशीच उठला. एवढी झोप त्याला शीवेवर आल्यापासून लागली नव्हती. उठल्यावर आढ्यातून अंगावर पडलेली उन्हाची तिरीप त्याला दिसली आणि छप्पर किती फाटले आहे हे कळले. तो विळा घेऊन गवत कापायला गेला. तो लगेच सुखी झाला असे कुणी समजू नये. कापता कापता तो रडत होता, आणि पुढे कितीतरी दिवस मधेच काम टाकून नगराच्या दिशेने शिव्या देत राहिला. पण जेवू लागला. तिंबरूकडे जाऊन, मान खाली घालून, अजून उशीर झाला नसेल तर, असे म्हणाला. तिंबरूने दुसऱ्या स्थळाला अद्याप शब्द दिला नव्हता. तो लबाड मुद्दामच थांबला होता.

शीवेवरच्या खारट जमिनीत मोगरा येत नाही. कुंदकाने लावून पाहिला, तो जळाला. मग ज्या कण्हेरीला तो नगरात गाढवाच्या वाटेवरचे फूल म्हणून नाक मुरडीत असे तीच त्याने लावली, शेवंती लावली, त्यांच्यासाठी विहीर खणली. उत्पलाच्या लग्नातला हार त्या फुलांचा होता. तिंबरू तो हार पाहायला तीनदा उठून आला. आणि पुढे एकदा भद्रवतीने सहज म्हटले, काल पौर्णिमा होती. कुंदक फांदी छाटत होता. त्याचा हात थांबला. पौर्णिमा येऊन गेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. मग तो बायकोकडे पाहून इतका हसला की तिला आधी भीतीच वाटली.

दगडाशी आता कुणी बसत नाही, ही बातमी हेरांनी राजाला दिली. राजाने सुनेत्रांना बोलावले. त्यांनी काही लपवले नाही. राजा संतापला, पण लोभ सुटत नव्हता. तो म्हणाला, "लोकांसाठी तरी तुला शिक्षा करायला हवी. माझ्या मर्जीपर्यंत शीवेवर जा. थोडे दिवस काढ, मी बोलावीन."

बोधिसत्त्वांनी हात जोडले. "महाराज, द्यायचीच तर आजन्म द्या."

"मी दार उघडे ठेवतो आहे आणि तू ते लावून घेतोस?"

"दार आपल्या हाती राहते, महाराज, आणि त्याच्याकडे बघत बसायचे काम माझ्या वाट्याला येते. ते काम करताना मी माणूस पाहिला आहे."

राजाने रागाने मान फिरवली. अमात्यांच्या उंबऱ्यावर मडके फुटले.

ते पायी शीवेवर पोहोचले. कुंदक त्यांना पाहून सगळे समजला आणि त्यांचे पाय धरून रडू लागला. माझ्यामुळे झाले म्हणाला. सुनेत्रांनी त्याला उठवले आणि झोपडीसाठी बरी जागा कोणती, असे विचारले. कुंदकाने डोळे पुसले. मग एखाद्या जुन्या गावकऱ्यासारखा तो त्यांच्या पुढे चालू लागला आणि कुठे पाणी गोडे लागते, कुठे वारा कमी असतो ते सांगू लागला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात एका भिक्खूला सांगितली. त्याची दृष्टी गेली होती. कुणी वैद्य त्याला 'पुढच्या ऋतूत दिसेल' म्हणून आशेवर ठेवीत होता आणि तो भिक्खू रोज पहाटे डोळ्यांसमोर हात धरून बोटे दिसतात का ते पाहत झुरत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन राजा म्हणजे हा वैद्य. तिंबरू म्हणजे तुझी सेवा करणारा वृद्ध भिक्खू. कुंदक माळी तू होतास. आणि त्याच्यापाशी रिकाम्या हातांनी गेलेला अमात्य मी होतो. आजही, भिक्खू, माझे हात रिकामे आहेत. तुझी दृष्टी परत येणार नाही."

तो भिक्खू पुष्कळ वेळ रडला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने डोळ्यांसमोर हात धरला नाही. तो हात त्याने पुढे केला आणि वृद्ध भिक्खूला म्हणाला, "मला विहिरीची वाट शिकवा."

करुणेने बोललेल्या सत्याची ही कथा आहे.