झाडूवाल्याने साफ केलेला कुलवृत्तांत

एका गावात एक भोळा माणूस होता, अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तो कुणीतरी दुसराच असणार, असं तो धरून चालतो. आमच्या धामणखोलात असा एकच आहे, आणि तो मी. अनंत महादेव निवळेकर. पाटबंधारे खात्यात कारकून होतो. साहेबांनी सांगितलेलं शब्दशः करायचं, एवढ्या एका गुणावर माझी छत्तीस वर्षं नोकरी झाली. निवृत्त झालो आणि घात झाला, कारण आता सांगायला साहेब राहिला नाही. जो भेटेल तो सांगतो आणि मी करतो.

मी आमच्या निवळेकर घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. नऊ पिढ्या, चारशे बारा माणसं. तीन वर्षं पत्रं लिहून, फोन करून नावं जमवली आणि घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली. फाल्गुनात कुलसंमेलन होतं. त्यात पुस्तकाचं प्रकाशन, द्वारकाआत्याच्या हस्ते. ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी.

दर आठवड्याला तिचा फोन यायचा.

"अनंता, माझं नाव घातलंयस ना?"

"घातलंय, आत्या."

"जुन्या वंशावळीत पोरींना जागाच नव्हती रे. आमच्या बाबांच्या नावाखाली नुसतं 'तीन पुत्र' लिहिलंय. मी जन्मलेच नाही जणू. डोळे मिटायच्या आत एकदा छापलेलं बघायचंय."

हे ऐकलं की मी संमेलनाचे दिवस मोजायला लागायचो. कारण कॉम्प्युटर. सकाळी बटण दाबून मी आंघोळ, पूजा, पोहे उरकून यायचो, तेव्हा कुठे तो जागा व्हायचा. दर दहा मिनिटांनी पडद्यावर लाल फुली यायची. एका नावातली वेलांटी बदलायची तर मध्ये एक डुलकी होई.

शेवटी मी नूतनवहिनींना बोलावलं. एसटी स्टँडसमोर त्यांचं झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी एक सफाईचं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्याचं नाव झाडूवाला. उघडलं की पडद्यावर एक झाडू इकडून तिकडे फिरायचा आणि मग निकाल यायचा: बाराशे अठ्ठेचाळीस चुका सापडल्या.

मला लागलंच ते. घरात येऊन पाच मिनिटं झाली नाहीत, आणि बाराशे चुका!

"सरोजिनी," मी बायकोला म्हटलं, "चाळीस वर्षांत तुलासुद्धा एवढ्या सापडल्या नाहीत."

"मी मोजल्या नाहीत," ती म्हणाली.

नूतनवहिनी म्हणाल्या, "काका, सोपं आहे. जे कित्येक दिवसांत कुणी उघडलंसुद्धा नाही, ते ठेवायचंच नाही. काढून टाकायचं. मग बघा कसा पळतो."

मी काढलं. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. मला एवढा आनंद झाला की एवढ्यावर थांबवेना. मग कुलवृत्तांत उघडला आणि तोही जडच वाटला. कित्येक दिवसांत कुणी विचारलेलं नाही असं काय काय आहे, ते बघितलं. बरंच होतं. मूळ पुरुष रघुनाथपंत, त्यांना दोनशे वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. त्यांचे मुलगे, नातू, पणतू, कुणाचीच विचारपूस नाही. सगळे काढले. एकशे नव्वद माणसं उरली, सगळी धडधाकट. पुस्तक कसं हलकं झालं.

प्रत काढायला दुकानात गेलो. नूतनवहिनींनी पहिलं पान बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, पूर्वज कुठे आहेत?"

"वारले."

"ते माहीत आहे हो! पुस्तकातून कुठे गेले?"

"वापरात नव्हते."

वहिनींनी कपाळाला हात लावला. मग माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली. "घाबरू नका. काढलेलं सगळं कचरापेटीत जातं. महिनाभर तिथेच पडून असतं. लागलं की उचलून आणायचं." आणि त्यांनी माझ्यासमोर आमचे दोनशे बावीस पूर्वज कचरापेटीतून उचलून जागच्या जागी बसवले. मी मनात नमस्कार केला. पूर्वजांना आणि वहिनींनाही.

धडा पक्का झाला. कचऱ्यात टाकायला भ्यायचं नाही, महिनाभर तिथेच असतं.

दुसऱ्या दिवशी मी टेबल आवरलं. जुने लिफाफे, पत्रं, पावत्या, सगळं उचललं आणि टाकलं. सरोजिनी आली.

"अहो, आत्याबाईंचा फोटो कुठे आहे? पुस्तकात घालायला पाठवलेला? त्यांच्याकडे तरुणपणचा तेवढा एकच आहे."

"कचऱ्यात आहे," मी शांतपणे म्हणालो. "महिनाभर काही होत नाही."

"ओला कचरा की सुका?"

हा प्रश्न झाडूवाल्याने मला कधी विचारला नव्हता. मी विचार करत होतो, तेवढ्यात बाहेर घंटागाडीचं गाणं वाजलं आणि सरोजिनी अनवाणी धावत सुटली. दत्तमंदिरापर्यंत ती गाडीमागे धावली. परत आली तेव्हा तिच्या हातात लिफाफा होता आणि केसात दोडक्याची साल. आत्याच्या हनुवटीवर चहाची पत्ती चिकटली होती. ती पुसली, पण डाग राहिला.

"तीळ आहे म्हणून सांगू," मी म्हटलं.

तिने फोटो माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला. तिचं बरोबरच होतं.

मी घडलेलं सगळं नूतनवहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, जे महत्त्वाचं असेल त्याची नेहमी दुसरी प्रत करून ठेवायची. एक गेली तर दुसरी असते."

हे मला फारच पटलं. कुलवृत्तांतात महत्त्वाचं काय? माणसं. मी घरी जाऊन प्रत्येक माणसाची दुसरी प्रत केली. रघुनाथपंतांच्या खाली रघुनाथपंत. आत्याच्या खाली आत्या. सहा दिवस लागले. चारशे बाराचे आठशे चोवीस झाले. कॉम्प्युटर पुन्हा गोगलगायीच्या चालीने चालायला लागला आणि लाल फुली परत आली. झाडूवाला उघडला तर तोच मध्ये अडकून बसला.

आता संमेलनाला बारा दिवस राहिले होते. आत्याचा फोन आला. "अनंता, छापायला गेलं का रे?"

"जातंय, आत्या. तुझं नाव तर आता दोनदा आहे."

"एकदा पुरे रे बाबा," ती म्हणाली.

मी फोनवरच नूतनवहिनींना गाठलं. त्यांनी आधी मी काय केलं ते सगळं वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, पुस्तकाची दुसरी प्रत करायची होती. पुस्तकातल्या माणसांची नाही. आता नीट ऐका. नावं अक्षरांच्या क्रमाने लावा. सारखं नाव दिसलं की एकच ठेवा. जुनी नोंद ठेवा, नवी काढा. नव्यात काही जास्तीचं लिहिलेलं असेल तर ते जुन्यात घाला. एवढंच करा. दुसरं काहीही करू नका."

मी एवढंच केलं, दुसरं काहीही केलं नाही.

सारखी नावं भराभर निघत गेली. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत आहे. महादेवाचा अनंत, अनंताचा महादेव, महादेवाचा पुन्हा अनंत. आमच्या वाडवडिलांना तिसरं नाव सुचतच नसावं. बायकांची नावं मात्र एकेकच निघाली. मी माणसाकडे न बघता नावाकडे बघत गेलो. जुनं ठेवलं, नवं काढलं, जास्तीचं जुन्यात घातलं. वहिनींचा एक शब्द मोडला नाही. शेवटी मोजलं तर दोनशे सत्त्याण्णव.

"झाली का चारशे बारा?" वहिनींनी फोनवर विचारलं.

"त्याहून छान झाली," मी म्हटलं, आणि फाईल थेट छापखान्यात दिली.

वहिनी येऊन कॉम्प्युटर तपासून गेल्या. जाताना त्यांनी शेवटचं सांगितलं, "आता एकच सांभाळा. ओळख पटल्याशिवाय आत कुणाला घ्यायचं नाही. यादीत नाव नसेल तर सरळ बाहेर." हे त्या कॉम्प्युटरबद्दल बोलत होत्या, असं लोक आता म्हणतात. मला समोर संमेलनाची पंगत दिसत होती. वाढप्यांचा मुकादम दौलत होता. त्याला मी पुस्तक देऊन ठेवलं आणि बजावलं, "ह्यात नाव असेल त्यालाच आत सोड. मग तो कुणीही असो."

संमेलनाच्या दिवशी कार्यालय माणसांनी भरून गेलं. आत्याने पुस्तकाची फीत सोडली. मी तिला पान काढून दिलं. तिने बोट ठेवलं. द्वारका. ठसठशीत छापलेलं. तिने ते बोट तीनदा नावावरून फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. तीन वर्षांचं सार्थक झालं, असं मला वाटलं. ते साधारण अर्धा मिनिट टिकलं.

आत्या मोठ्याने वाचायला लागली. "अनंत महादेव निवळेकर. जन्म अठराशे अठ्ठ्याण्णव. व्यवसाय शेती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त." ती थांबली. "बाबा पाटबंधाऱ्यात कधी होते?" पुढे वाचलं. "पत्नी गंगाबाई. पत्नी सरोजिनी." सगळ्यांच्या माना सरोजिनीकडे वळल्या. "मोबाईल नंबर..." आणि कुणीतरी चावटाने तो नंबर लावला. माझ्या खिशात फोन वाजला.

आत्याने चष्म्यावरून सरोजिनीकडे बघितलं. ही अठ्ठ्याऐंशीची, ती एकसष्टची. आत्या म्हणाली, "आई, फार भूक लागली गं. पानं घ्यायला सांग."

सगळं कार्यालय हसलं. सरोजिनी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

माणसं पंगतीकडे निघाली, तर दारात दौलत पुस्तक उघडून उभा. बायका, पोरी, धाकटे भाऊ भराभर आत गेले. घराण्यातले थोरले तेवढे बाहेर राहिले, कारण एकाचंही नाव पुस्तकात स्वतःच्या जागी नव्हतं. सगळे आपापल्या आजोबांत जमा झाले होते, आणि आजोबा तर पुस्तकात कधीच वारले होते. आतून मसालेभाताचा वास येत होता. मोजून बावन्न थोरले दारात ताटकळत उभे होते आणि त्यांच्यात मी.

सरोजिनीने दौलतला एक हाक मारली. एकावन्न थोरले आत गेले. मी गेलो नाही.

"अहो, या की!"

"यादीत नाव नाही," मी म्हटलं. "नियम मीच केलाय."

आत्या काठी टेकत बाहेर आली. तिने पुस्तक पुन्हा उघडलं. "नाव आहे की ह्याचं. अनंत महादेव, जन्म अठराशे अठ्ठ्याण्णव. एक्कावन्न साली वारला." ती दौलतकडे वळली. "ह्याचं पान बाहेर त्या दगडी गडग्यावर ठेव रे."

"आत्याबाई, काय हे अभद्र!" सरोजिनी म्हणाली.

आत्या चेष्टा करत होती. दौलतने मात्र खरंच केळीचं पान आणून गडग्यावर मांडलं. मसालेभात, अळूची भाजी, दोन जिलब्या. पोटात कावळे ओरडत होते. तरी मी पानाला हात लावला नाही.

"आता काय झालं?" सरोजिनीने विचारलं. "जेवा ना!"

"पितरांचं पान आहे," मी म्हटलं. "आधी कावळा शिवायला हवा."

समोर आंब्यावर एक कावळा बसला होता. तो पानाकडे बघत होता, माझ्याकडे बघत होता, पण खाली येत नव्हता. पंगत सोडून माणसं बाहेर जमली. आपल्याकडे रीतच आहे, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी मोठ्याने कबूल करायचं असतं.

"पुस्तक पुन्हा छापू!" आत्या ओरडली. कावळा हलला नाही.

"सगळ्या थोरल्यांची नावं घालू!" एकावन्न थोरले ओरडले. कावळ्याने मान फिरवली.

तेव्हा सरोजिनी पुढे आली. तिने पदर खोचला, कावळ्याला हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्यांना पुन्हा कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही!"

कावळा लगेच शिवला.