मधली वाट

सातासमुद्रांपलीकडे एका मोठ्या नदीच्या वाळूत निळी नावाची वाघ-भुंगेरी राहायची. या भुंगेऱ्यांची जातच अशी, की धावताना त्यांना काही दिसत नाही. थांबलं, तरच दिसतं.

वाळूच्या पलीकडच्या टोकाला एक हिरवा भुंगेरा रोज चमकायचा. निळीचा जीव त्याच्यावर जडला होता. ती धावत तिकडे जायची, तर तो गायब! वळून पाहावं, तर तो तिच्याच जागी उभा.

अंडी घालायला आलेली म्हातारी कासवीण म्हणाली, "अगं बये, तोही तुझ्याकडेच धावतो. उद्या जागची हलू नकोस. येईल तो."

दुसऱ्या दिवशी निळी बसून राहिली. समोर तोही बसूनच होता. नदी दोन्ही बाजूंनी चढू लागली. मधे एका भुंगेऱ्यापुरतीच वाट उरली, तरी तो हलेना.

"मावशी, का येत नाही हो तो?"

कासवीण ओशाळली. "काल त्यालाही हेच सांगून बसले गं मी."

निळीला राहवेना. ती धावत सुटली. डोळ्यांपुढे अंधार येण्याआधी तिला एवढंच दिसलं, की तोही उठला होता, आणि मधली वाट एकापुरतीच होती.