गवताचे वाडवडील

कधीकाळी एका डोंगरगावात भिवा माळ्याच्या बागेतली हिरवळ उन्हाने ठिकठिकाणी करपली. दसरा झाल्यावर त्याने तिच्यावर गवताचं नवं बी फेकलं, पण ते मुळांवर साचलेल्या वाळक्या गवतकाड्यांच्या थरावरच अडकलं. चिमण्या ते टिपू लागल्या.

"जरा सरका, आम्हाला मातीत जाऊ द्या," बी कळवळलं.

"जागा नाही!" जुनं गवत गुरकावलं. "इथे आमचे वाडवडील निजलेत."

"मेलेत ते!" कोपऱ्यातलं दाताळं करकरा दात खात ओरडलं. "भिवादादा, उचल मला!"

भिवाने दाताळ्याने सगळ्या काड्या खराखरा ओढून काढल्या. बी मातीला टेकलं. मग त्याने पाणी सोडलं.

"अहाहा! किती दिवसांनी पाणी मुळापर्यंत आलं," गवत म्हणालं.

दाताळं अजून धुमसतच होतं. "इतके दिवस तुझे वाडवडील पीत होते ते!"