तळ्याकाठी विरजण

एकदा एका वयोवृद्ध गुरुजींना एका कापडव्यापाऱ्याने तळ्याकाठचा बंगला दाखवायला नेले. व्यापाऱ्याने स्वतः तो तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा रविवारीच, कारण एजंट रविवारीच गाडी पाठवत असे. गुरुजी म्हणाले, "मी मंगळवारी येईन." व्यापाऱ्याने दुकान नोकरावर टाकले, पत्नीला घेतले आणि गुरुजींना व त्यांच्या तरुण शिष्याला गाडीत बसवले.

जागा खरोखरच देखणी होती. समोर धरणाने झालेल्या तळ्याचे संथ पाणी, मागे गोल्फचे हिरवेगार मैदान, मधून वळणावळणाचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र बंगले. व्यापारी हरखून गेला होता. आयुष्यभर बाजारपेठेतल्या धुळीत गज घेऊन उभा राहिलेला माणूस तो. म्हातारपणी पत्नीला निवांत ठेवायचे, एवढीच त्याची इच्छा होती. मुलगा परदेशी. दोघांच्या राहिलेल्या दिवसांचा हा सौदा होता.

पत्नीचे नाव कुमुद. जुन्या इमारतीत सगळे त्यांना कुमुदवहिनी म्हणत. बोलक्या इतक्या, की भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून सुरू झालेले बोलणे त्याच्या मुलीच्या बाळंतपणापर्यंत पोहोचायचे. त्यांचे दार दुपारभर नुसते लोटलेले असे.

सगळे पाहून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "वहिनी, जेवणाच्या डब्यातली एक वाटी द्या. जरा विरजण मागून आणतो."

शिष्य चमकला. ना चूल, ना दूध, घर अजून घेतलेलेही नाही, आणि विरजण कशाला? पण गुरुजी वाटी घेऊन निघालेसुद्धा. एका दाराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या बंगल्याचे पडदे ओढलेले. गुरुजी प्रत्येक दाराशी थांबत, कडी वाजवत आणि हाक मारत, "कुणी आहे का घरात?" शेवटी झाडांना पाणी घालणारा एक माळी धावत आला.

"बाबा, कुनाला बोलावताय? सायेब लोक शनवारी येत्यात. आत्ता हितं कोन न्हाई."

गुरुजी रिकामी वाटी घेऊन परतले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठजी, ही जागा घेऊ नका."

"का हो?"

"विरजण मिळालं नाही."

व्यापारी पोट धरून हसला. "अहो गुरुजी, त्या गोल्फच्या क्लबात पाकिटातलं दही मिळतं! हवं तेवढं आणू." साठी बुद्धी नाठी, असेही त्याच्या मनात येऊन गेले असावे. कुमुदवहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाटीकडे पाहिले, मग नवऱ्याच्या खुललेल्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि वाटी पदराने पुसून डब्यात ठेवली.

बंगला घेतला गेला. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असे. गाड्या यायच्या, शेगड्या पेटायच्या, मुले ओरडायची. सोमवारी सगळे सामसूम. व्यापाऱ्याला अधूनमधून दुकानावर जावे लागे, नाही तर तो गोल्फ शिकायला जाई. उतारवयात लागलेला नाद म्हणजे विचारायलाच नको. वहिनी व्हरांड्यात बसून पाणी बघत. पाणी किती वेळ बघणार? फोनला तिथे धड रेंज नव्हती. हळूहळू त्यांचे बोलणे कमी झाले. "करमत नाही का गं?" असे नवऱ्याने विचारले, की म्हणत, "छे हो, न करमायला काय झालं? तुम्ही इतक्या हौसेनं घेतलंय."

माघातल्या एका बुधवारी व्यापारी मैदानावरून जेवायला घरी आला, तर गॅसवर आमटी करपून कोळसा झाली होती आणि पत्नी घरात नव्हती. ती शेजारच्या बंद बंगल्याच्या पायरीवर सापडली. शरीर थंड पडत चालले होते. त्या बंगल्याच्या पांढऱ्या दारावर हळदीच्या बोटांचे ठसे होते, एकावर एक. तिने पुष्कळ वेळ दार वाजवले होते.

तेरावा झाल्यावर व्यापारी गुरुजींकडे आला. बसलादेखील नाही. उभ्या-उभ्याच म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला कळलं होतं ना? मग मला उघड का नाही सांगितलंत?"

गुरुजींचे डोळे भरून आले. "शेठजी, उघडच सांगितलं होतं. तुमचं लक्ष तळ्याकडे होतं. जागा घेताना माणूस पाणी बघतो, दिशा बघतो, दहा वर्षांनी भाव काय येईल ते बघतो. ते बघावंच, त्यात काही गैर नाही. पण चमचाभर विरजण कुणी मोजून देत नाही, आणि घेतलेलं कुणी परत करत नाही. ते मागायला ज्याच्या दारात निःसंकोच जाता येतं, तो शेजारी. जिथे भर दुपारी विरजण द्यायला माणूस नाही, तिथे जीव घाबरला तर धावून यायलाही माणूस नाही. मी दही मागत नव्हतो हो. वहिनींसाठी कुणी आहे का, ते विचारत फिरत होतो."

मग व्यापाऱ्याने अगदी बारीक आवाजात विचारले, "तिला कळलं होतं?"

"हो. त्याच दिवशी."

"मग ती का नाही बोलली?"

"तुम्ही किती आनंदात होतात, शेठजी!"

तेव्हा तो माणूस मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. शिष्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. गुरुजींनी त्या दिवशी एवढे कमी का सांगितले, असा शिष्याच्या मनात राग होता, तो गेला. सांगणारे कमी पडले नव्हते, आणि ऐकणाराही दुष्ट नव्हता. प्रेमानेच घेतलेले घर होते ते, आणि हेच फार वाईट होते.

पुढे व्यापाऱ्याने बंगला विकायला काढला. एजंटाने एका रविवारी एक वयस्कर जोडपे आणले. तळे चमकत होते, शेजारी गाणी चालली होती. भाव चांगला ठरत आला होता. एजंटाने आधीच बजावले होते, "शेठ, झालं गेलं त्यांच्यापुढे काढू नका."

गृहस्थ पाणी बघत राहिले. त्यांच्या पत्नीने सहज विचारले, "शेजार कसा आहे हो?"

व्यापाऱ्याने एजंटाकडे पाहिले. मग म्हणाला, "बाई, पाणी आहे, हिरवळ आहे, वाराही छान येतो. पण आज दिसताहेत ती माणसं उद्या नसतील. इथे हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. माझ्या बायकोनं मारून बघितली आहे."

त्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि दोघे मुकाट्याने गाडीकडे गेले.