तागडीची शंका

फार पूर्वी एका डोंगरी गावात खंडेनवमीच्या दुपारी बातमी आली, की दरीपलीकडच्या कड्यावर ठेवलेला नारळ फोडण्याची पैज उद्या उजाडताच लागणार. निशाणबाज सुभानजीने तेव्हा बंदूक आणि तागडी पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहिला होता.

"धनी, गोळ्या तोलायच्या राहिल्या की!" तागडी कळवळली. सारख्या वजनाच्या गोळ्या निवडायलाच तिला या घरात ठेवले होते.

"आज हत्यारांना विसावा," सुभानजी म्हणाला. पहाटे तो न तोललेल्या गोळ्याच घेऊन निघाला.

संध्याकाळी बंदूक सुभानजीच्या खांद्यावरून परतली आणि म्हणाली, "पहिली गोळी खाली गेली. दुसरीने नारळ फोडला."

तागडीची पारडी लोंबली. "म्हणजे माझं कामच नाही. द्या मला वाण्याकडे, मिरच्या तोलीन."

"लगेच रुसू नकोस, बाई," बंदूक म्हणाली. " गेल्या वर्षी तू निवडलेली एकही गोळी चुकली नव्हती. पण तेव्हा वारा पडला होता, आज समोरून जोराचा होता. आजची पहिली वजनाने चुकली की वाऱ्याने, मला तरी कुठे कळलं?"

"मग दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या एकाच वाऱ्यात झाडून बघा ना, धनी!"

"तुला बरं सुचलं गं," सुभानजी हसला. त्याने तोललेल्या गोळ्यांची एक पुरचुंडी बांधली, न तोललेल्यांची दुसरी. सुगी उरकली की बघू, म्हणाला.

सुगीच्या आधीच सुभानजी गेला. त्या गोळ्या झाडून पाहायच्या राहिल्या.